भट्टीपुढचे डोळे

हे मी लिहिणारच नव्हतो. टाईप करायचो, पुसायचो... दुसऱ्याच्या घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं, असं वाटायचं. पण आता राहवत नाही.

"भट्टीपाशी पाय ठिवशील तर बघ!"

उमाबाईंनी गरम उलथनंच उगारलं आणि शिवांजली, त्यांची सून, शेडच्या दारातच थबकली.

"तुझ्या हातानं खवा लागतोय. माझं घर बुडवायला आलीस व्हय?"

शिवांजली पोटावरचा पदर सावरत मागं फिरली... आणि उमाबाईंच्या काळजात चर्र झालं! कारण खवा सुनेच्या हातनं लागलाच नव्हता. तो त्यांच्याच हातनं करपला होता. कढईतलं दूध कधी तांबडं झालं, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात तर नुसतं पांढरं धुकं. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं, ऑपरेशन उरकून घ्या, आणि नंतर महिनाभर धुराजवळ जायचं नाही. महिनाभर! सोलापूरकडच्या वाशीच्या रानातल्या त्या वस्तीवर घर चालायचं ते खव्यावर. एकुलता एक नंदीश दूध गोळा करत गावोगाव हिंडायचा. मग भट्टीपुढं उभं राहणार कोण? शिवांजलीच ना! दम्याची पोर. त्याच धुरात राबताना तिची दोन बाळं पोटातच गेली होती. धुरानंच खाल्ली माझी नातवंडं, असं उमाबाईंच्या मनानं घेतलं होतं. आता पुन्हा तिला दिवस गेले होते...

बाळ मांडीवर येऊ दे, मग डोळ्याचं बघू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. लोकांना मात्र सांगायच्या, "अजून पिकला न्हाय. कच्चा काढला तर परत येतोय." सगळा गाव हेच म्हणायचा, म्हणून नंदीशलाही पटायचं. सीताफळ असल्यागत डोळा पिकायची वाट बघत बसला तो!

आणि सून? तिला गोडीत सांगितलं असतं, तर ती हट्टानं म्हणाली असती, 'आत्या, तुम्ही बसा, मी आटवते.' म्हणून मग शिव्या. टोमणे. पोरगी रडत आत जायची आणि इकडं उमाबाई धुराच्या निमित्तानं डोळे पुसून घ्यायच्या.

एका दुपारी उजवा डोळा लालभडक झाला. डोकं फुटेल अशी कळ, उलटीवर उलटी... भिंत चाचपत त्या उठल्या आणि भट्टीपुढंच कोसळल्या. "आत्या!" म्हणून पहिली धावली ती शिवांजलीच.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. "मोतीबिंदू फुगून डोळ्यात दाब चढला. नस मेली. हा डोळा गेला. डाव्याचं लगेच करू, त्याला थांबू नका."

"न्हाय!" उमाबाईंनी खाटेची कड गच्च धरली. "पोरीचं बाळंतपण होऊ द्या."

"आये, आंधळी हुशील गं!" नंदीश ओरडला. "कशापायी?"

"म्या घरात बसले तर ही उभी राहील धुरात! दोन गेली रं... तिसरं न्हाय जाऊ देणार म्या. डोळ्याचं काय, म्हातारीला बघायचंय तरी काय आता?"

शिवांजली जड पावलांनी खाटेपाशी आली.

"म्हणून शिव्या देत होता व्हय, आत्या? मला वाटलं, बाळं गेली म्हणून मी नकोशी झाले तुम्हाला... तुमच्या तोंडाकडं बघायचंच सोडलं होतं मी. एकदा जरी नीट बघितलं असतं, तर तुमचे डोळे नसते का दिसले मला!"

उमाबाईंचा हात चाचपडत तिच्या गालापर्यंत गेला. गाल ओला होता.

"रडू नको गं माझे बाय. पोटातलं भितंय."

शिवांजलीनं तोंड पुसलं, नवऱ्याकडं वळली. "आजच जावा आन् भट्टी मोडा. वीट राहू देऊ नका. दूध डेअरीला घाला, जे मिळंल त्यात भागवू. मग बघते, ह्या कुठला बहाणा काढतात!"

"लई वसाड, हट्टी पोर हायेस," उमाबाई रडता रडता म्हणाल्या. आणि हो म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आली... आणि त्याच रात्री, दिवस भरायच्या आधीच, शिवांजलीला कळा सुरू झाल्या. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला बाळंतपणाच्या दवाखान्यात हलवलं. नंदीशनं मला, त्याच्या लहानपणच्या मित्राला, फोन केला. मी पोचलो, तेव्हा तो डोळ्याच्या दवाखान्याच्या जिन्यात उभा होता, वरही जाईना, खालीही जाईना.

"एकच डोळा उरलाय रं आयेचा. सकाळी पट्टी सुटंल तवा म्या न्हाय... आन् तिकडं..."

"तू शिवांजलीकडं जा," मी म्हणालो. "पट्टी सुटंपर्यंत काकूचा हात सोडत न्हाय म्या. आन् तिला दिसो न दिसो, नंद्या, जे असंल ते खरंखरं सांगीन तुला. झाकून ठिवणार न्हाय."

नंदीश जिना उतरून गेला आणि मी वर जाऊन काकूचा हात धरला.