दरफळनीची संध्याकाळ

छत्तीसगडमधल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत घराबाहेर सगळे हिंदीच बोलतात. म्हणून जानेवारीत भाजीच्या ठेल्यापाशी मागून कुणीतरी "वांगी ताजी आहेत का हो?" असं विचारलं, तेव्हा मी वळून पाहिलं. तो लाजला. मीही… आणि निवडलेली वांगी तिथेच विसरून आले.

तो एझ्रा चेऊलकर. अलिबागकडचा मराठी ज्यू, यार्डात सिग्नलचा इंजिनीअर, आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहणारा. मी संघमित्रा, कॉलनीतल्या शाळेत शिकवते. नऊ महिने फाटकाशी उभं राहून गप्पा झाल्या. बोलायचं होतं तेवढंच राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तो आला. पांढरा सदरा, पायात कापडी बूट.

"वर्षभरात माझं काही चुकलं असेल, तर माफ करा."

"काय चुकलं तुमचं?"

तो काहीतरी सांगणार होता… नुसता हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचं दार बंद. विहारातून परतताना मी कडी वाजवली.

"आज उपास आहे," आतून आवाज आला. "पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे याला दरफळनी म्हणतात. दारं मिटून देवापुढे चुका कबूल करायच्या."

"कोणत्या चुका?"

आतून प्रार्थनेची पुटपुट ऐकू येऊ लागली.

माझं चित्त थाऱ्यावर राहिना. लग्न ठरलं असेल का त्याचं? की माझंच काही…?

"कावून अशी येरझारा मारून राहिली?" आईनं विचारलं. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

आभाळात तारे दिसू लागले, उपास सुटायची वेळ झाली, तसा तो उपाशीच आमच्या अंगणात आला.

"देवाची माफी उपासानं मिळते. माणसाकडे मात्र चूक सांगूनच मागावी लागते." तो अडखळला. "इथे आलो तेव्हा ठाण्याला बदली मागितली होती. ऑर्डर येऊन आठ दिवस झाले. तुम्हाला सांगितलं नाही."

"कावून?"

"तुम्ही 'जा' म्हणाल… म्हणून."

रागवावं की रडावं, मला कळेना. आतून पाणी आणून त्याच्यासमोर धरलं.

"आधी माफ करा," तो म्हणाला.

"नाही करत."

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"माफ केलं त तुमी जाल न—"

तो पेला घेऊन घोटभर पाणी प्याला.

"मग माफ करू नकोस," तो हळूच म्हणाला. "उद्या बदली नको म्हणून लिहून देतो."

नऊ महिन्यांत तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता.