ऊन वाढलं, वीज घटली

डोक्यावर सूर्य आग ओकतोय, आकाशात औषधालाही ढग नाही, आणि तरीही छपरावरच्या सौरपट्ट्या फेब्रुवारीपेक्षा कमी वीज देतायत! असं कसं होईल?

चंद्रपूरच्या चारुल येरणेला काही केल्या हे कोडं सुटेना. ती भिंतीवरच्या पडद्यासमोर उभी होती. फेब्रुवारीतल्या दुपारी बारा वाजता : ७५० वॅट. आज, म्हणजे २०४८ सालच्या मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांच्या उन्हात : ५७० वॅट.

एरवी तिनं हा आकडा सोडून दिला असता. पण काल सायंकाळच्या वादळानं विजेचे खांब आडवे केले होते. ते उभे करायला गेलेल्या बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "रात्री दहाच्या आत लाइन येत नाही." शेजारच्या गेडाम गुरुजींच्या पट्ट्यांवर तर झाडच कोसळलं होतं. गुरुजींची फुप्फुसं कमजोर. त्यांना हवेतला प्राणवायू वेगळा करून देणारं यंत्र सतत लागे. म्हणून आईनं त्यांना सकाळीच आपल्या घरी आणलं होतं.

यंत्र चारुलच्या घरच्या बॅटरीवर (वीज साठवणाऱ्या पेटीवर) चालू होतं. सूर्य मावळेपर्यंत बॅटरी निम्मी तरी भरायला हवी होती. ती भरली होती जेमतेम वीस टक्के.

"काहून गं पोरी, तोंड उतरलं?" गुरुजींनी नळी सावरत विचारलं.

"काही नाही गुरुजी," चारुल म्हणाली. आईनं कूलर, फ्रिज, सगळं बंद केलं. चारुलनं वृंदाआत्याला फोन लावून सगळं सांगितलं.

वृंदाआत्या सौरशास्त्रज्ञ. पुण्यात राहून ती राज्यभरातल्या छपरांवरच्या विजेचा अंदाज बांधायची.

"आत्या, ऊन इतकं कडक, मग वीज कमी का?"

"पट्टी उन्हातलं काय खाते? उजेड की उष्णता?"

चारुलला वाटायचं, दोन्ही एकच.

"उजेड," आत्या म्हणाली. "सूर्यापासून निघालेला प्रकाशकण (प्रकाशाची सगळ्यांत छोटी पुडी) पंधरा कोटी किलोमीटर प्रवास करून आठ मिनिटांत तुझ्या छपरावर पोहोचतो. तिथं सिलिकॉनच्या पातळ चकतीतल्या इलेक्ट्रॉनला (अणूमधल्या इवल्याशा कणाला) धक्का देतो. तो सुटतो आणि तारेतून धावू लागतो. तीच वीज. आत्ता गुरुजींच्या यंत्रात तीच धावतेय."

चारुलनं वळून पाहिलं. यंत्र शांतपणे घुरघुरत होतं. सूर्यापासून निघालेली ताकद गुरुजींच्या श्वासापर्यंत! तिच्या अंगावर काटा आला.

"मग उष्णता काय करते?"

"खोडा घालते. चकती तापली की तिच्यातले अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनना ढकलणारा जोर कमी पडतो. पंचवीस अंशांच्या वर दर तीन अंशांना साधारण एक टक्का वीज गेली समज. पुश्याला वर पाठव. पट्टीच्या पाठीकडचं तापमान मोजू दे."

पुश्या म्हणजे पट्ट्या पुसणारा यंत्रमानव. खेकड्यासारखा तिरका चालत तो भिंतीवरून वर गेला.

"पाठ अठ्ठ्याऐंशी अंश," त्याचा आवाज आला. "काचेवर वादळाची धूळ. खाली गोणपाटं."

"गोणपाटं?" आत्या ओरडलीच. "पट्टीखाली मोकळी जागा सोडतात ती वारा खेळावा म्हणून! कोणी भरली?"

चारुलचा चेहरा पडला. कबुतरांनी घरटी करू नयेत म्हणून मागच्या महिन्यात तिनंच ती खच्चून भरली होती. "मीच, आत्या," ती कशीबशी म्हणाली.

"बरं झालं, सांगितलंस. आता काढा. पण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडकेल. धूळ पुश्या कोरडीच झाडेल."

आई डोक्याला ओला रुमाल गुंडाळून, जाड हातमोजे घालून वर गेली. चारुल शिडी धरून उभी राहिली. एकेक गोणपाट धप्पकन अंगणात पडू लागलं. पुश्याचा ब्रश फिरू लागला.

पंधरा मिनिटांत पट्टीच्या पाठीचं तापमान त्र्याहत्तरवर आलं. पडद्यावर ५९०... ६३०... ६७०!

"फेब्रुवारीएवढी नाहीच झाली," चारुल म्हणाली.

"होणारही नाही. हवाच तापलीय, शिवाय तिच्यात धुरकट धूळ आहे. पण पुरेल."

साडेसहा वाजता बॅटरी छप्पन्न टक्के भरली होती. आईनं आकडा दोनदा वाचला आणि मग कुठं पाठ टेकली. गुरुजी चारुलकडे बघून हसले. "मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला. पण हे मलाही ठाऊक नव्हतं बाप्पा."

"मग दोघंही बघा," पुन्हा फोनवर आलेली आत्या म्हणाली आणि तिनं पुण्यातूनच चारुलच्या पडद्यावर राज्याचा नकाशा उघडला. वीज देणारं एकेक छप्पर म्हणजे एकेक ठिपका. लाखो ठिपके!

"सोलापूरकडच्या पठारावर वर्षातले कितीतरी दिवस आकाश निरभ्र. कोकणात समुद्राचा वारा पट्ट्यांना थंड ठेवतो, पण पावसाळ्यात ढग उजेड अडवतात. महाबळेश्वरात गारवा आहे, पण धुकं आणि पाऊसही आहे. म्हणून प्रत्येक घराचा अंदाज वेगळा. ढगाळ गावाला निरभ्र गावाची वीज कशी पोहोचवायची, यावरच आम्ही काम करतोय."

"ते काम मला येईल?"

"प्रश्न विचारता येतात ना? मग येईल."

इतक्यात नकाशाच्या उजव्या टोकाला गडचिरोलीचे ठिपके मंदावले. मग चंद्रपूरचे. चारुलनं खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य खरंच टेकला होता. पडद्यावर सावली नागपूर, अकोला, संभाजीनगर ओलांडत पश्चिमेकडे सरकत होती. पृथ्वी आपल्या डोळ्यांसमोर वळतेय, हे चारुल पहिल्यांदाच बघत होती.

वीसेक मिनिटांनी फक्त समुद्रकाठची एक बारीक, उजळ रेघ उरली.

"रत्नागिरी," गुरुजी हळूच म्हणाले. "तिथं अजून ऊन आहे."