दात शाबूत आहेत ना?

मुलगी बॉक्सर आहे हे तिच्या आईने एव्हाना पचवलं होतं. पचत नव्हते ते फक्त दात. सामना संपला की जिंकलीस का हरलीस हे राहिलं बाजूला, आधी विचारणार, "दात शाबूत आहेत ना?" त्यामुळे सरावात लेकीच्या पुढच्या दाताचा टवका उडाला तेव्हा माउलीने घर डोक्यावर घेतलं आणि तिला तडक दवाखान्यात पिटाळलं.

नेहमीचे म्हातारे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या – तरुण, गंभीर, आणि दिसायला... बरा होता. त्याने दात नीट करून दिला. मग तिचं गमशील्ड, म्हणजे दातांवर चढवायचं ते रबरी कवच, हातात घेऊन नाक मुरडलं. दुकानातलं तयार कवच सैल बसतं, ठोसा लागला की निसटतं, असं त्याचं म्हणणं. मापाचं करून देतो म्हणाला, आणि ती हो-नाही म्हणायच्या आत मापाच्या गार लगद्याने तिचं तोंड भरून टाकलं.

आता ही काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. कुणाला काय कळतंय, म्हणून तिने लगद्याआडून बिनधास्त शेरा मारला. बाहेर पडलं ते नुसतं आंऊं-आंऊं.

डॉक्टरांनी शांतपणे स्वतःचं नाक चाचपलं. "सरळ आहे, मान्य. पण एक ठोसा बसला तर आणखी छान दिसेल, असं मला नाही वाटत."

तिने डोळेच मिटून घेतले.

"दिवसभर लोक असेच बोलतात माझ्याशी," तो म्हणाला. "कळतं सगळं."

कवच तयार झालं ते इतकं चपखल की बोलायची सोय नाही. तरी ते टोचतंय म्हणत ती पुन्हा गेली. मग पुन्हा. तो दर वेळी कड घासल्यासारखं करायचा, ती दर वेळी हायसं वाटल्यासारखं करायची. शेवटी एकदा त्याने कवच उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे कुठेही टोचत नाहीये." मग ते तिच्या हातात ठेवलं. "पण... येत जा."

अशात निवडीचा सामना येऊन ठेपला. जिंकेल ती मुलगी दोन वर्षं लांबच्या शिबिरात जाणार, आणि तिथून पुढे देशाच्या संघात. वयाच्या अटीमुळे हिची ही शेवटची संधी. आदल्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा टोचण्याची थापही मारली नाही.

"हरले तर इथेच राहीन," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. "तसं... वाईट नाही."

त्याने हातातलं काम ठेवलं. "माझ्यापायी हरणार असाल तर ते कवच परत द्या."

"आणि जिंकले तर?"

त्यावर मात्र दातांच्या डॉक्टरांचीच दातखीळ बसली. ती तणतणत निघून गेली.

सामन्याला तो आला. जागा मिळाली ती नेमकी तिच्या आईशेजारी, आणि आई बोटांच्या फटीतून बघत होती. सुरुवातीलाच जबड्यावर असा ठोसा बसला की तिची मान गर्रकन फिरली. कवच जागचं हललं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, पण दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. म्हणजे हा माणूस खरंच तिने जिंकावं म्हणून आला होता... तिच्या रागाचं पाणी झालं. मग तिने समोरचीला जो हात दाखवला, तो शेवटपर्यंत.

पंचांनी हिचा हात उंचावला. हातांत मोजे, कवच तोंडातच, आणि ते काढून द्यायचं ज्यांनी, ते तिचे प्रशिक्षक सर आनंदाने भलत्याच कुणाला मिठी मारत होते. ती दोरांवरून वाकली आणि थेट डॉक्टरांकडे बघून काहीतरी म्हणाली. आंऊं-आंऊं.

दोन वर्षं थांबशील का रे? सगळ्या सभागृहात हे एकट्या त्यालाच कळलं. आजवरचं अहो-जाहो गेलं, हेही कळलं. त्याने मान हलवली. चुकून दिसलं नसेल तर, म्हणून पुन्हा हलवली.

"काय हो म्हणते ती?" आईने विचारलं.

"दात शाबूत आहेत म्हणते."

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मग एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या भरलेल्या डोळ्यांकडे.

"मग तुम्ही मान कशाला हलवताय?"