रिकामा फुगा

"शेवटचं चित्र चोरीला गेलं," मुकुंदराव दारातूनच म्हणाले. "उद्या पुस्तक छापायला द्यायचंय. अन् ते चित्र माझ्याच्यानं पुन्हा काढवणार नाही."

राजनंदिनी सांडू खासगी तपास करायची. तिचा सहकारी अतुल वही उघडून बसला. वहीत लिहिण्याजोगं त्याला क्वचितच सापडे.

ग्रीक पुराणातली पर्सेफनी पाताळात जाते आणि दरवर्षी आईकडे परत येते. आपल्या चित्रकथेत मुकुंदरावांनी तिला जीन्स घातली, दौलताबाद किल्ल्याच्या भुयारात उतरवलं आणि चेहरा दिला ओवीचा. ओवी त्यांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी कॉलेजला जाताना अपघातात गेली.

चित्रावरचा पातळ कागद चोराने मागे ठेवला होता. त्यावर संवादाचे फुगे. मुलीच्या फुग्यात 'जाते, आई'. त्यातला 'जा' पेन्सिलीने खोडलेला, कागद फाटेपर्यंत. आईचा फुगा रिकामाच.

"तिथं काय लिहावं, सुचलंच नाही," मुकुंदराव म्हणाले.

रंगकाम करणारी मोनाली फुलंब्रीहून येई. "भांडले मी, व्हय. पुस्तकावर माझं नाव नव्हतं. पण ओवीचं चित्र कशाला नेऊ ताई? लई जीव होता तिचा माझ्यावर."

"जातो आम्ही," अतुल उठला. निघताना असं म्हणायची त्याची जुनी खोड.

"बरं," मोनाली डोळे पुसत म्हणाली.

हर्सूलच्या घरी मुकुंदरावांच्या पत्नी भानुमतीबाईंनी चहा दिला. चित्र आपण पाहिलंही नाही, म्हणाल्या. "जातो," म्हणत अतुल जिना उतरला, तर त्यांनी त्याला परत वर बोलावलं, बसवलं, पाणी दिलं.

"आता 'येतो' म्हणा."

"मोनालीच!" खाली येताच अतुल म्हणाला. राजनंदिनी परत जिना चढली.

"नावाचा राग असता तर चोराने सगळीच चित्रं नेली असती," ती नवरा-बायको दोघांसमोर म्हणाली. "इथं एकच अक्षर खुपलंय. मोनालीनं 'जातो' ऐकून सोडून दिलं. तुम्हाला ते ऐकवत नाही, भानुमतीबाई."

बाई ओवीच्या कपाटापाशी गेल्या. "रोज टोकायचे मी तिला, 'येते' म्हण म्हणून. त्या दिवशी आमचं भांडण झालेलं. 'जाते' म्हणाली, अन् मी पोळ्या लाटत राहिले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेच आता पुस्तकात छापणार?"

मुकुंदरावांना हे आजच कळत होतं.

ओवीच्या कपाटातून, तिच्या ओढणीत गुंडाळलेलं चित्र बाहेर आलं. मुकुंदरावांनी त्यावर नवा कागद ठेवला, 'येते, आई' लिहिलं आणि पेन्सिल बायकोपुढे धरली.

मग रिकाम्या फुग्यात भानुमतीबाईंनी लिहिलं, 'लवकर ये गं.'