पुसलेली फक्की

"अहो, तिथं पाय देऊ नका! लेण्यांची वाट पलीकडून आहे!"

ऋचा मागच्या दारातून ओरडली. धुक्यातून एक तरुण पुढं आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी.

"लेणी नाही, मी तुमचा डेक बघायला आलोय," तो हसत म्हणाला. "अमृत. वडगावहून, बांधकाम परवानगीसाठी..."

झालं! ज्या इंजिनिअरची तीन आठवडे चातकासारखी वाट बघितली, त्यालाच बाईंनी हाकललं!

बेडशाच्या त्या घराला मागे पाच पायऱ्या होत्या. बाबांना, म्हणजे गंगाधर सरांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या पाच पायऱ्या डोंगराएवढ्या झाल्या होत्या. दाराच्या उंचीला लाकडी डेक झाला, तर चाकाची खुर्ची थेट बाहेर जाणार होती. जन्मात हट्ट न केलेल्या माणसाने हा एकच हट्ट धरला होता.

त्यासाठी नकाशातला डेक जागेवर चुन्याच्या फक्कीने आखायचा, साहेबांनी मोजून फोटो काढायचा. ऋचाने सकाळीच पांढरा चौकोन आखला होता. आणि आता बाहेरच्या कडेला चार फूट रुंदीच्या पट्ट्यातली आखणी गायब! वाऱ्याने पानही हलत नव्हतं. पाऊस तर कधीच सरला होता.

"पुन्हा आखते ना..."

"धुक्यात फोटो येणार नाही," अमृत म्हणाला. "मला परत यावं लागेल." आणि हे सांगताना त्याला जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही, बरं का.

पुढच्या मंगळवारी तेच. तीच चार फूट, तसंच अचानक दाटलेलं धुकं. या वेळी त्याने आल्याचा चहा दोनदा मागून घेतला. दूध घालायला आलेली बयाबाई मात्र पुसलेली जागा बघून थबकली.

"पोरी, हितनं देव जातो दुपारचा. त्येची वाट आडवू नगंस."

"मावशी, काहीतरीच काय!" ऋचा हसली. तिला खरा देव ठाऊक होता. उंच, सावळा, मोजपट्टीवाला... येण्यासाठी निमित्त शोधणारा.

तिसऱ्या खेपेला निघण्याआधी त्याने फोनवर बजावलं, "आज फोटो गेला नाही तर फाईल परत जाईल." ऋचाने ताजी आखणी पुन्हा एकदा तपासली. ती चहा ठेवायला आत वळली, तोच बाहेर घुंगरं वाजली... छन्... छन्... काठी आपटत कुणी चालावं तशी.

ती धावत बाहेर आली. पुसलेल्या रेघेपाशी अमृत उभा होता.

"सापडलात! परत परत येण्यासाठी इतका उपद्व्याप? सरळ सांगायचं होतं ना, की आवडते म्हणून!"

अमृतचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला वाटलं... तुम्ही पुसताय. माझ्यासाठी." तो कसाबसा म्हणाला. "मी तर आत्ता फाटकातून आलो."

मग पुन्हा छन्... अगदी जवळ. धुकं अंगावर आलं, भंडाऱ्याचा वास सुटला. अमृतने तिचा हात धरून तिला भिंतीशी ओढलं. त्यांच्या समोरून, चार फूट रुंदीच्या पट्ट्यातलं गवत पावलापावलाने दबत गेलं. कुणीच दिसलं नाही. ऋचाला भीती वाटली, फार वाटली, आणि तो हात सुटू नये असंही वाटलं.

धुकं विरलं. खिडकीत बाबांनी धडधाकट हात नमस्कारासाठी कपाळाला लावला होता.

"आमच्या आंदर मावळात देवाच्या वाटेवर कुणी भिंत घालत नाही," अमृत हळूच म्हणाला. "डेक चार फूट मागं घेऊ. खुर्ची वळेल?"

"वळेल. पण कारण काय लिहाल?"

"पायवाट आहे, असं लिहितो. खोटं थोडंच आहे?"

त्याने नवी आखणी केली, फोटो काढला. तासाभरात रेघेचा कणही हलला नाही.

"आता यायला निमित्त उरलं नाही," ऋचा म्हणाली. हात पुन्हा त्याच्याच हातात होता.

"फक्की पुसायची हिंमत माझ्यात नव्हती, ऋचा. यायचं मात्र रोज मनात होतं... बिननिमित्त आलो तर चालेल?"

"चहा दोनच कप मिळेल," ती म्हणाली, आणि लाजली.

माघात डेक झाला. पहिल्या दुपारी बाबा उन्हात बसले, डोंगर डोळे भरून बघत. कडेला ऋचा आणि अमृत पाय खाली सोडून खेटून बसले होते.

तेवढ्यात बाबांनी वाटेकडे पाहिलं.

"पोरांनो," ते अडखळत म्हणाले, "पाय वर घ्या... कुणीतरी येतंय."