खांद्याच्या वर

सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत.

भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवतात, तिच्यावर तारीख घालतात. पट्टी फुटली, तर भिंत हलतेय.

पंख्याची पाती पुसलेली.

पाठीवर झोपायचं, तीन उशा घेऊन. कुशीवर वळायचं नाही.

ती जुन्या इमारती तपासायची. ऑफिसात तिला भेगाबाई म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. छातीचा आकार वाढवून घ्यायचं अकरा वर्षं मनात होतं. ताईला, म्हणजे मोठ्या बहिणीला, तिने सांगितलं ते ऑपरेशन उरकल्यावरच. ताई रोज संध्याकाळी केस धुऊन द्यायला यायची आणि धुता धुता तोंड चालूच.

“दुसऱ्यांच्या भिंतींना टेकू देतेस आणि स्वतःला पाडून घेतलंस.”

“पाडलं नाही गं. वाढीव बांधकाम आहे.”

“परवानगी कोणाची घेतलीस?”

“मालकिणीची.”

चौथ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला. उठली तेव्हा केसांची घट्ट वेणी घातलेली होती. ताई लवकर येऊन गेली असेल, असं तिला वाटलं. ताई आली ती नेहमीच्या वेळेला.

“छान बसलीये. कोणाला बोलावलं होतंस?”

सातव्या दिवशी पंखा लख्ख दिसला. आठव्या दिवशी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा आवरलेला होता.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी टाके बघितले.

“डावीकडचं इम्प्लांट जरा वर सरकलंय. हात वर करताय का?”

“नाही.”

“करत असाल तर थांबवा. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल.”

परत येताना ताई म्हणाली, “झोपेत करतेस तू. लहानपणी झोपेत बडबडायचीस, आठवतंय ना?”

तिला ते पटलं. पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचा धीर नव्हता. अकरा वर्षांत जमला होता तो एका वेळेपुरताच.

दुसऱ्या दिवशी तिने पातळ कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. दोन्हीकडे दंडापासून बरगडीपर्यंत एकेक चिकटवली, दंड चार बोटं उचलला तरी फाटेल अशी. पट्ट्यांवर पेन्सिलीने तारीख घातली, वेळ घातली: दोन वाजून दहा मिनिटं. दाराला आतून कडी लावली आणि केस मोकळे सोडून पडली.

उठली तेव्हा पावणेचार झाले होते. कडी तशीच होती. पट्ट्या अखंड होत्या.

वेणी घातलेली होती.

तिला हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं. निदान आपल्या हातून काही बिघडत नव्हतं.

“मग कोण करतंय?” ताईने विचारलं.

“मी नाही, एवढं नक्की.”

ताई त्या संध्याकाळी केस न धुताच गेली.

पुढच्या दुपारी तिने डोळे मिटले, पण झोपली नाही.

कंगवा केसांना लागला.

भांग किंचित डावीकडे पडला, ती स्वतः पाडते तसा. कानामागे गुंता लागला तिथे बोटं थांबली, मग खालून सोडवू लागली. तीही खालूनच सोडवायची. उजव्या तर्जनीला घट्टा होता. भिंती ठोकून बघायच्या हातोडीने पडतो, तसा.

तिचे दोन्ही हात पोटावर होते. तिने ते एकमेकांत घट्ट धरले.

वेणी पुरी झाली.

सहा आठवडे संपले. डॉक्टरबाई खूश होत्या.

“दोन्हीकडचं मस्त बसलंय. करा आता हात वर.”

तिने हात उचलले. ते खांद्यापर्यंत आले.

दुखलं नाही. ओढ बसली नाही.

आणखी थोडे वर नेले, तेव्हा बोटांना आणखी दोन कोपरं लागली, वर उचललेल्या हातांची.

कोमट होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात तिचे पाच फोटो काढले होते: समोरून, दोन्ही बाजूंनी, हात कमरेवर ठेवून आणि शेवटी हात डोक्यावर नेऊन. हात खाली घ्यायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.