हाताला लावलेला धीर

भाजीवाल्यानं पिशवीत टाकलेला सडका टोमॅटोही अच्युतराव मिरजकरांनी कधी परत केला नव्हता. अशा माणसाला आज लेकीच्या साखरपुड्यात व्याह्यांना सांगायचं होतं, की रेवती लग्नानंतर दोन वर्षं अंटार्क्टिकाच्या संशोधन केंद्रावर जाणार आहे. तसा शब्दच त्यांनी तिला दिला होता. म्हणून तर त्यांनी ‘रुबाब’ आणलं होतं.

रुबाब हे नव्या स्वभावगंधांपैकी एक अत्तर. देवदार, ऊद आणि वर मिरी-लवंगेचा झणका. त्यातले धीटरेणू नाकावाटे मेंदूत शिरून भीतीच्या केंद्राला गप्प बसवत. वास आहे तोवर धीर, असा सरळ मामला.

कपडे करून अच्युतराव हॉलच्या दाराशी आले, तर त्यांच्या पत्नी सुलभाताई येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला तेच अत्तर लावत उभ्या.

“अगं, हे कुठून काढलंस?”

“तुमच्या कपाटातून. आपला हिना संपला होता. द्या हात.”

अच्युतरावांनी मुकाट्यानं हात पुढे केला. नाही म्हणण्याइतका धीर अजून यायचा होता.

आत एव्हाना चांगलाच रंग भरला होता. मुहूर्त वगैरे काही नाही, मला दुपारी दुसरीकडे जायचंय, असं गुरुजी सांगत होते. मुलाच्या आत्या म्हणत होत्या, शिरा घशाखाली उतरत नाही. नवरामुलगा वडिलांना बजावत होता, ही मिशी तुमच्या हौसेखातर ठेवली, उद्या काढणार.

अच्युतरावांनी हात हुंगला आणि भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात सगळं सांगून टाकलं. रेवतीचे डोळे भरून आले.

व्याही तात्यासाहेब तोंड उघडणार, तोच विहीणबाई म्हणाल्या, “जाऊ द्या पोरीला. मला तुम्ही मुंबईच्या नोकरीला जाऊ दिलं नाहीत, ते मी अजून गिळतेय.”

“चुकलंच माझं,” तात्यासाहेब म्हणाले. “जाईल रेवती.”

अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग कुणीतरी म्हणालं, “पानं वाढलीत, हात धुवून घ्या.”

बेसिनवर लिंबाचा साबण होता. गुरुजी हात धुवून आले आणि मुहूर्त किती उत्तम साधला, ते सांगू लागले. आत्यांनी शिरा पुन्हा मागून घेतला. अच्युतरावांनी हात हुंगून पाहिला. त्यांच्याही हाताला आता नुसता लिंबाचा वास होता.

तात्यासाहेब कुणाकडेही न बघता हात पुसत होते. अच्युतराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चिरका निघाला.

“तात्यासाहेब, मघाशी रेवतीचं म्हणालात... ते तसंच आहे ना?”